अहिराणीत (खानदेशातली बोली) उत्तर लिहिलं, गुण किती?

चोपडा तालुक्यात सहावीला विज्ञान शिकवते. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' एका पोराने लिहिलं, 'पानी तापीसन तेनी वाफ व्हस.' दोनपैकी एक दिला, खाली 'भाषा सुधार' लिहिलं. वही घेताना तो गप्पच. चुकले का?

उत्तर १: मॅडम, पेपर विज्ञानाचा ना? उत्तर बरोबर आहे, दोन द्या. अहिराणी काय चूक आहे?

उत्तर २: सहावीला आकारिक (वर्षभराचं वर्गातलं काम) ५० टक्के, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ५० टक्के. तोंडी कामात विचारून बघा, घडाघडा सांगेल. प्रमाण मराठीची तपासणी मराठीच्या पेपरात.

उत्तर ३: पण दहावीच्या बोर्डात परीक्षक कोल्हापूरचा निघाला तर? सवय लावायलाच हवी, फक्त गुण कापून नको.

मूळ प्रश्नकर्ती: दोन केले. 'व्हस'खाली 'होते' लिहिलं, पेन्सिलीनं. कापूस वेचणीला गेलाय, सोमवारी वही देईन.