‘ओसुमी’ उपग्रह कक्षेत पोहोचल्यावर ‘तान्सेई’ची गरज काय होती?

प्रश्न

जपानच्या सुरुवातीच्या उपग्रहांची यादी पाहताना ११ फेब्रुवारी १९७० च्या ‘ओसुमी’नंतर लगेच १६ फेब्रुवारी १९७१ चा ‘तान्सेई’ येतो आणि त्याच्यापुढे ‘तंत्रज्ञान चाचणी’ एवढीच नोंद असते. वजन ६३ किलो, आणि आठवडाभरात संदेश बंद. उपग्रह कक्षेत सोडता येतो हे ओसुमीने दाखवून दिलेले असताना, वैज्ञानिक निरीक्षणाचे काम नसलेला आणखी एक उपग्रह सोडण्यामागे काय विचार होता? शिवाय काही ठिकाणी १९७५ च्या ‘किकू’ला जपानचा पहिला तंत्रज्ञान चाचणी उपग्रह म्हटले आहे. हे दोन्ही एकाच मालिकेतले आहेत का?

उत्तर १

ओसुमीने नेमके किती सिद्ध केले होते, हे आधी पाहायला हवे. चार प्रयत्न फसल्यानंतर पाचव्या लॅम्डा-४एस रॉकेटने तो कक्षेत नेला. सुमारे २४ किलोचा हा उपग्रह म्हणजे रॉकेटचा जळून गेलेला शेवटचा टप्पा आणि त्याला जोडलेली थोडी उपकरणे व प्रेषक, एवढेच होते. अपेक्षेपेक्षा जास्त तापल्याने पंधराएक तासांतच त्याची बॅटरी निकामी झाली. त्याची कक्षाही फार लांबट होती : एका टोकाला साधारण ३५० किलोमीटर, तर दुसऱ्या टोकाला ५,००० किलोमीटरहून अधिक.

याचे कारण प्रक्षेपणाच्या पद्धतीत आहे. तोक्यो विद्यापीठाच्या या रॉकेटांमध्ये घन इंधन वापरलेले होते आणि उड्डाणाचा मार्ग वाटेत सुधारणारी मार्गदर्शन यंत्रणा त्यांत नव्हती. खालचे टप्पे शेपटाकडचे पंख आणि स्वतःभोवतीची फिरकी यांच्या जोरावर स्थिर राहत. तिसरा टप्पा जळून संपला की उरलेला भाग इंजिनाविना वर चढत राही, त्या अवधीत त्याचे तोंड क्षितिजाला समांतर वळवले जाई आणि तो मार्गाच्या सर्वोच्च बिंदूपाशी पोहोचला की चौथा टप्पा पेटवला जाई. ही दिशा किंवा वेळ थोडी चुकली, तरी कक्षेचा आकार बिघडतो आणि जास्त चुकली, तर कक्षाच मिळत नाही.

लॅम्डा ही खरे तर मोठ्या म्यू रॉकेटासाठी केलेली या पद्धतीची तालीम होती. तान्सेई त्या म्यू-४एस रॉकेटावर गेला आणि जवळपास वर्तुळाकार कक्षेत, सुमारे १,००० किलोमीटर उंचीवर पोहोचला. त्याचे सांकेतिक नाव ‘एमएस-टी१’. त्यातला ‘टी’ चाचणीचा. रॉकेट कसे चालले, कक्षेतले तापमान, वीजपुरवठा आणि संदेशवहन कसे राहिले, याची साक्ष देणे हे त्याचे काम. तो केवळ बॅटरीवर चालणारा असल्याने आठवड्याभराचे आयुष्य हे अपयश नव्हते. तान्सेई म्हणजे फिकट निळा, हा तोक्यो विद्यापीठाचा रंग आहे.

उत्तर २

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण ते वाचून ‘आधी चाचणी, मग विज्ञान’ असा क्रम पहिल्यापासून ठरलेला होता, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात पहिल्याच म्यू-४एस रॉकेटावर, २५ सप्टेंबर १९७० रोजी, वैज्ञानिक उपग्रह बसवलेला होता. चौथा टप्पा पेटलाच नाही आणि उपग्रह गमावला. पुढच्या रॉकेटावर तान्सेई गेला, आणि त्याच्या यशानंतरच २८ सप्टेंबर १९७१ रोजी ‘शिन्सेई’ हा जपानचा पहिला वैज्ञानिक उपग्रह कक्षेत गेला. हा धडा महागात पडलेला होता, हे पुढच्या वाटचालीवरून दिसते : म्यू रॉकेटाची नवी आवृत्ती आली की तिच्या पहिल्या उड्डाणावर तान्सेईच बसवला जाई. १९७४ मध्ये दुसऱ्या टप्प्याला दिशानियंत्रण असलेल्या एम-३सी वर तान्सेई-२, १९७७ मध्ये लांब पहिल्या टप्प्याच्या एम-३एच वर तान्सेई-३, आणि १९८० मध्ये पहिल्या टप्प्यालाही नियंत्रण मिळालेल्या एम-३एस वर तान्सेई-४. उपग्रहही दरम्यान नुसते साक्षीदार राहिले नाहीत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने उपग्रहाचा रोख सांभाळण्याचे प्रयोग त्यांच्यावर झाले.

चारही तान्सेई फेब्रुवारीतच गेले, हा योगायोग नव्हे. या रॉकेटांच्या उचिनोउरा प्रक्षेपण केंद्रासमोरच्या समुद्रात मासेमारी चालत असल्याने मच्छीमारांशी ठरलेल्या कराराप्रमाणे वर्षातून दोनच हंगामांत, हिवाळ्याअखेर आणि उन्हाळ्याअखेर, रॉकेट सोडता येत असे.

उत्तर ३

किकूची मालिका स्वतंत्र आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अंतराळ विकास संस्थेने तो ९ सप्टेंबर १९७५ रोजी तानेगाशिमा बेटावरून सोडला; त्याचे एन-१ रॉकेट अमेरिकी डेल्टा रॉकेटाच्या परवान्याने मिळालेल्या तंत्रज्ञानावर उभे होते. विद्यापीठाचा गट स्वतःची घन इंधनाची रॉकेटे एकेक पायरीने सुधारत होता, तर या संस्थेला दळणवळण आणि हवामानाचे उपग्रह लवकर हवे होते, म्हणून तिने बाहेरचे तंत्रज्ञान घेतले. त्यामुळे ‘पहिला’ हा मान कोणत्या संस्थेच्या यादीतून पाहता, यावर ठरतो. खबरदारी मात्र दोघांचीही सारखीच होती, कारण किकू-१ हेदेखील एन-१ चे पहिलेच उड्डाण होते.

१९७७ साली तर १९ फेब्रुवारीला तान्सेई-३ आणि २३ फेब्रुवारीला भूस्थिर (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो अशा) कक्षेकडे निघालेला किकू-२ असे दोन चाचणी उपग्रह दोन संस्थांनी चार दिवसांच्या अंतराने सोडले. या संस्था ‘जाक्सा’ या जपानच्या आजच्या अंतराळ संस्थेत एकत्र आल्या त्या २००३ मध्ये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. यादीत चौथ्यानंतर तान्सेई सापडत नाही. ‘टी५’ रद्द झाला होता का?

उत्तर २

नाही, त्याला नाव वेगळे मिळाले. ८ जानेवारी १९८५ रोजी एम-३एस-२ या नव्या रॉकेटाच्या पहिल्या उड्डाणाने ‘एमएस-टी५’ला पृथ्वीच्या कक्षेत न ठेवता थेट सूर्याभोवतीच्या मार्गावर नेले. उड्डाणानंतर त्याला ‘साकिगाके’ म्हणजे अग्रदूत म्हटले गेले, आणि मार्च १९८६ मध्ये तो हॅलेच्या धूमकेतूपासून सुमारे ७० लाख किलोमीटरवरून गेला.