प्रत्यारोपणानंतर शंभर दिवस शहरातच राहावे का?

धागाकर्ता, आरमोरी : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या मुलांना रक्तपेशी वाढू लागताच गावी धाडणे मला पटत नाही. दात्याच्या पेशी रुग्णावर उलटू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसमुळे रक्तदाब चढतो आणि कधी मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. डोके ठणकते, दिसेनासे होते, झटके येतात. रक्तदाब लगेच उतरवून औषध बदलले तर सूज बहुधा ओसरते. पण सिकलसेलच्या मुलांत हा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून पहिले शंभर दिवस शहरातल्या प्रत्यारोपण केंद्राजवळच काढले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

धानोऱ्याहून : भाऊ, ही औषधे सिकलसेलमध्ये सहसा सहा महिने किंवा त्याहून अधिक चालतात, तेव्हा शंभराव्या दिवशी धोका संपतो असे कुठे आहे? ऐन रोवणीत आईने शहरात खोली करून राहायचे आणि बापाने एकट्याने बांधी सांभाळायची, हे किती घरांना झेपेल? शिवाय घात चिठ्ठीनेही होतो. खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिले, की टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी चढते. असे नागपुरातही घडू शकते.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय : धानोऱ्याच्या दादांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण गावात रक्तदाब मोजतो कसा, हेही पाहावे. मुलाच्या बारीक दंडाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि चढलेला रक्तदाब नजरेतून सुटतो. औषधाची पातळी तपासायचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढायचे असते. आमच्याकडे मात्र पहाटेच्या एसटीने निघताना आई माउली आधी गोळी देते, मग अहवालावर विसंबायचे कसे? लहान पट्टा आणि ही एक सूचना, एवढ्यासाठी कुटुंबाला शहरात अडकवण्याची गरज नाही. रक्तातले मॅग्नेशियम आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) यांवरही लक्ष हवे. प्लेटलेट फार घसरल्या तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

धागाकर्ता : ताई, पट्ट्याचा मुद्दा मान्य. तरीही पहिल्या काही आठवड्यांत एचएचव्ही-६ या हर्पिस गटातल्या विषाणूमुळे मेंदूदाह झाला, तर मूल नुकतेच बोललेले विसरते, भलतेच वागू लागते. त्याचे निदान एमआरआय आणि पाठीतील पाणी तपासल्याशिवाय होत नाही. गावात अशा मुलाला आधी बाहेरची बाधा ठरवून पुजाऱ्याकडे नेतील, आणि आपण इथे रक्तदाबाच्या पट्ट्यावर बोलत बसलो आहोत.

धानोऱ्याहून : मग आशाताईंना ही लक्षणे शिकवा. पुजाऱ्यालाही शिकवा, आमच्याकडचे ऐकतात.