पावलाच्या ‘शिरा’: विकृती, फरक की आणखी काही?

अनुस्वार: घोट्यावर दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेचं, रुग्णांसाठीचं पत्रक मराठीत करतेय. सांगायचंय ते असं: पावलाच्या कातडीला संवेदना पुरवणाऱ्या नर्व्ह सगळ्यांच्या पायात एकाच वाटेने जात नाहीत, म्हणून छेद घेताना एखादी दुखावू शकते. आधीच्या मसुद्यात ‘त्वचीय तंत्रिकांच्या शारीररचनात्मक विकृतींमुळे’ असं लिहिलंय. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे माझ्या पायात जन्मापासूनच खोट आहे की काय?” नर्व्हला काय म्हणू आणि व्हेरिएशनला काय?

कानामात्रा: शाळेच्या पुस्तकात चेता, विश्वकोशात तंत्रिका, वर्तमानपत्रात मज्जातंतू. मज्जातंतू टाळा, मज्जा म्हटलं की हाडातला मगज आठवतो. शीर तर नकोच, ती रक्ताची.

धोंडशीर: शिरेला एवढं हिणवू नका. टाचेमागच्या जाड दोरीला आपण धोंडशीर म्हणतो (माझं टोपणनाव तिथलंच), आणि तिच्यातून काही रक्त वाहत नाही. ‘मानेची शीर आखडली’ म्हणणाराही रक्तवाहिनीबद्दल बोलत नसतो. लांब, ताणलेलं, दोरीसारखं काहीही म्हणजे शीर. ग्रीकांचंही हेच: ‘न्यूरॉन’ म्हणजे आधी कंडरा (मसल हाडाला बांधणारी दोरी), धनुष्याची दोरीसुद्धा. संस्कृतातला स्नायू हाही असाच बांधणारा दोर. सुश्रुताने ९०० स्नायू मोजले ते हेच, मांसाच्या पेशी (म्हणजे आजचे मसल) त्याने वेगळ्या ५०० धरल्या. मराठीत येता येता स्नायूचं मसल झालं.

चिमटाकात्री: शरीररचना शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. ‘विकृती’ साफ चूक. विकृती म्हणजे बिघाड, इथे बिघडलेलं काहीच नाही.

पोटरीतली सुरल नर्व्ह घ्या (लॅटिनमध्ये ‘सुरा’ म्हणजे पोटरीच). बहुतेकदा दोन धागे मिळून ती बनते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत जाते. पण हे धागे कुठे मिळतील याचा नेम नाही. कुणाचे पोटरीच्या वरच्या भागात, कुणाचे पार घोट्याजवळ, कुणाचे मिळतच नाहीत आणि एकच धागा सगळं काम करतो. पावलाच्या पाठीवरची मुख्य नर्व्ह नडगीच्या बाहेरच्या अंगाने खोलातून वर, कातडीखाली येऊन दोन फाटे देते. काहींच्यात ते फाटे आधीच सुटे होऊन वेगवेगळ्या जागी वर येतात. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातला चिमूटभर भाग मात्र सहसा तिसऱ्याच नर्व्हकडे.

यातली ही पावलाच्या पाठीवरची नर्व्ह स्वतःच्या पायावर दिसू शकते. चवडा खाली ताणून पाऊल आत वळवा, चौथं बोट तळव्याकडे वाकवा. घोट्यापुढे बाहेरच्या बाजूला कातडीखाली बारीक तार उभी राहिली तर तीच. निळी नसते, दाबली तरी रिकामी होत नाही, बोटाखाली सुतळीसारखी सरकते. छेद घेण्याआधी सर्जन तिच्यावर पेनाने रेघ मारून ठेवतात. सगळ्यांच्यात दिसेलच असं नाही, हे ओघाने आलंच.

कानामात्रा: दिसली! डाव्या पायावर. उजव्यावर नाही.

चिमटाकात्री: डावं-उजवं सारखं नसणं हेही त्यातच आलं.

धोंडशीर: मग पोथ्यांचा शब्द घ्या की. ज्ञानेश्वरीच्या दोन प्रतींत ओवी वेगळी असली तर आपण त्याला विकृती म्हणतो का? पाठभेद म्हणतो. तसा ‘रचनाभेद’.

अनुस्वार: रचनाभेद आवडला. ‘विचरण’ही सुचवलं होतं कुणी, पण त्यात नर्व्ह पायभर हिंडते आहे असं वाटतं.

वेलांटी: जरा अवांतर. तळव्याची वाटणीही मजेची आहे: अंगठ्याकडून साडेतीन बोटं एका नर्व्हची, उरलेली दीड दुसरीची. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, तळव्याचीही साडेतीनच!

चिमटाकात्री: नेहमीचा पाठ तोच. यातही पाठभेद आहेतच.

अनुस्वार: अखेर असं लिहिलं: ‘पावलाच्या कातडीला स्पर्श कळवणाऱ्या शिरांची, म्हणजे नर्व्हची, वाट प्रत्येकाच्या पायात थोडी वेगळी असते. हा दोष नाही. पण त्यामुळे छेदाजवळची एखादी शीर दुखावून तिथे बधिरपणा येऊ शकतो.’ ‘रचनाभेद’ डॉक्टरांच्या प्रतीत ठेवला. सासूबाईंना पुन्हा वाचून दाखवलं. त्यांचा आता एकच प्रश्न: “बधिर म्हणजे मुंग्या येतात तसं, की काहीच कळत नाही तसं?”

वेलांटी: त्यासाठी नवीन धागा काढा.