जर्मनीत परिचारिका म्हणून जावे की मिरजेतच राहावे?

कृष्णाकाठ
नमस्कार. मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी सात वर्षे स्टाफ नर्स आहे. जीएनएम (परिचर्येची पदविका) झाले आहे, पगार 24,000 रुपये आहे. पती कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतात, मुलगी चार वर्षांची आहे आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या वॉर्डात याच विषयाची चर्चा असते. मीही रात्रपाळ्या सांभाळून जर्मन भाषेची बी-1 (मध्यम पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाले. आता एका एजंटामार्फत स्टुटगार्टजवळच्या रुग्णालयाचा प्रस्ताव आला आहे. जर्मनीत पदविकेला मान्यता मिळेपर्यंत महिना 2,800 युरो आणि त्यानंतर 3,500 युरो पगार सांगितला आहे. एजंट मात्र तीन लाख रुपये मागतो आहे. शंभर रुपयांनी गुणल्यावर आकडा डोळे दिपवणारा होतो, पण तो गुणाकार करून निर्णय घ्यावा का, हेच मला समजत नाही. तिथे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

नेकारकाठची
ताई, मी याच राज्यात पाच वर्षे काम करते आहे. गुणाकार करू नका, आधी वजाबाकी करा. निवृत्तिवेतन विम्यासाठी पगाराच्या 9.3 टक्के कापले जातात. शिवाय आरोग्य विमा, शुश्रूषा विमा (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या देखभालीचा), बेरोजगारी विमा आणि आयकर असतोच. पती भारतात असेपर्यंत तुमची गणना करवर्ग एकमध्ये, म्हणजे एकट्या राहणाऱ्यांच्या गटात होईल आणि 2,800 पैकी हातात साधारण 1,900 ते 1,950 युरो पडतील. रुग्णालयाच्या वसतिगृहात खोली मिळाली तर ठीक. बाहेर घर घ्यायचे झाल्यास मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत अनामत द्यावी लागते. मी काटकसरीने राहून पहिल्या वर्षी महिन्याला 700 युरोंच्या वर क्वचितच पाठवू शकले.

तरीही पैसा ही त्यातली सोपी बाजू आहे. तुमच्या जीएनएमची तेथील अभ्यासक्रमाशी तुलना करून कोणते विषय कमी पडतात याचे पत्र मिळते, आणि त्यानंतर एकतर ज्ञानचाचणी द्यावी लागते किंवा रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तोपर्यंत तुम्ही मदतनीस असता. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळलेल्या व्यक्तीला सकाळी सहा वाजता आठ-दहा वृद्धांना अंघोळ घालणे, दात घासून देणे आणि घास भरवणे हेच मुख्य काम मिळाले, की पहिले काही महिने अपमान वाटतो. आपल्याकडे ही कामे नातेवाईक किंवा आया-मावशी करतात. तिथे तो परिचर्येचाच गाभा मानला जातो आणि मान्यता मिळाल्यावरही तो सुटत नाही. उलट शिरेतून द्यायची इंजेक्शने आपण डोळे मिटून देतो, तिथे ती अनेक ठिकाणी डॉक्टरच देतात. माझ्यासोबत आलेल्या चौघींपैकी एक याच कारणाने सहा महिन्यांत परतली, आणि ती आमच्यातली सर्वांत हुशार होती.

भाषेचेही तसेच आहे. परिचारिकेच्या परवान्यासाठी बी-2 (बी-1 च्या पुढची पातळी) लागते, पण वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन घेऊन स्वाबियन ही इथली बोली बोलणाऱ्या आजोबांसमोर उभे राहणे म्हणजे शाळेतील मराठी पाठ करून मालवणच्या बाजारात भाव करण्यासारखे आहे. रात्री फोनवर डॉक्टरांचा आदेश ऐकताना मला घाम फुटत असे.

आता चांगली बाजूही सांगते. मला वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा आहे, आजारपणात पगार थांबत नाही आणि पाळी संपल्यावर कोणी थांबवून घेतले तर त्या तासांची नोंद होते. सात वर्षांच्या मिरजेतील नोकरीत हे मिळाले का, याचे उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे. मान्यतेनंतर पूर्ण पगार सुरू झाला, की कुटुंब आणणे शक्य होते. पतींना साधारणपणे ए-1 या अगदी प्राथमिक पातळीची जर्मन यावी लागते, पण आल्यावर त्यांना कोणतीही नोकरी करता येते, आणि सीएनसीच्या कामाला या भागात मागणी आहे. मुलीसाठी बालभत्ता मिळतो. 2025 साली तो महिना 255 युरो होता. कुटुंब येण्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात मात्र मुलगी तुम्हाला फक्त पडद्यावर दिसेल.

पंचगंगेचा ब्रदर
मी तीन वर्षे राहून कोल्हापूरला परतलो. कारण काम नव्हते, वडील होते. 1 मार्च 2024 नंतर प्रथमच वास्तव्याचा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना तिकडे नेता येते, असे कायदा म्हणतो, पण त्यांचा आरोग्य विमा काढल्याचे दाखवावे लागते, आणि सत्तरीतल्या मधुमेही माणसाला परवडणारा विमा शोधताना मी थकलो. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न आजच घरात बोलून घ्या. मुलीला कोण सांभाळणार हेही बहुधा त्यांच्यावरच अवलंबून असेल, म्हणजे दीड वर्षाने पती आणि मुलगी निघाल्यावर त्या एकट्या उरतील.

परतावे लागले तर सगळे बुडते असे मात्र नाही. निवृत्तिवेतनाची वर्गणी 60 महिन्यांपेक्षा कमी भरली असेल, तर देश सोडल्यावर 24 महिन्यांनी आपला हिस्सा परत मागता येतो. मला तो मिळाला. साठ महिने पूर्ण झाले तर तो सहसा परत मिळत नाही, त्याऐवजी वय झाल्यावर निवृत्तिवेतन लागू होते.

कागदपत्री
तीन लाखांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा. परिचर्येच्या भरतीत अनेक जर्मन रुग्णालये भाषावर्ग, विमान आणि कागदपत्रांचा खर्च स्वतः उचलतात. त्यामुळे हा माणूस दोन्हीकडून घेत असण्याची शक्यता आहे. करारातील परतफेडीचे कलमही वाचा. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ती दरमहा घटत जाते की नाही, आणि ज्ञानचाचणीत नापास झाल्यास काय, हे लेखी मागा.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. नोंदणी क्रमांक विचारल्यावर एजंटाने "आधी पन्नास हजार भरा" असे उत्तर दिले, त्यामुळे तो प्रस्ताव मी आज सोडला. थेट रुग्णालयांना अर्ज करणार आहे आणि तोपर्यंत बी-2 चा वर्ग लावते. पतींनी ए-1 चे पुस्तक आणले आहे. सासूबाईंशी रविवारी बोलू. नेकारकाठची ताई, अंघोळ घालण्याचे काम मला कमीपणाचे वाटणार नाही असे आज वाटते, पण तुमच्या त्या मैत्रिणीलाही निघताना तसेच वाटले असेल का?

नेकारकाठची
हो, तिलाही तसेच वाटले होते. अर्ज करण्याआधी मिरजेतच एखाद्या वृद्धाश्रमात महिनाभर सकाळची पाळी करून पाहा.