पापडी फोडायची की धरूच द्यायची नाही?

धागाकर्ता : पेरणीनंतर जोराची सर येते, मग दोन दिवस कडक ऊन पडते आणि बाजरीचा कोंब वर येण्याआधीच जमिनीवर पापडी धरते. पारनेरसारख्या अवर्षणप्रवण भागात हलके, तांबडे रान कसणाऱ्यांना हे नवे नाही. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे विरघळतात, बारीक माती छिद्रांत बसते आणि वाळल्यावर तिचे कवच होते. दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरलेल्या बारीक दाण्याच्या कोंबाला ते भेदणे कठीण जाते. दरवर्षीच्या नांगरटीने सेंद्रिय कर्ब घटतो, मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि पुढच्या पापडीची तयारी आपणच करून ठेवतो. म्हणून नांगरट थांबवून जमीन झाकणे हाच टिकाऊ उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद : जमीन झाकायची कशाने? बाजरीचे सरमड, म्हणजे वाळलेली ताटे, उन्हाळ्यात जनावरांच्या दावणीला लागते आणि तुराट्या चुलीत जातात. आच्छादनाविना नांगरट थांबवली, तर तांबड्या रानावरचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाईल, कारण काळ्या जमिनीसारखी ती भेगाळून स्वतःला मोकळी करत नाही. पापडी फोडणारे, तण काढणारे आणि वरच्या भुसभुशीत थराखाली ओल राखणारे कोळपे हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातले साधन आहे. ते हिरावून घेणारा सल्ला मला मान्य नाही.

धागाकर्ता : चाऱ्याचा आक्षेप रास्त आहे आणि उघड्या रानात नांगरट थांबवू नये, हेही मी मान्य करतो, माझे विधान तेवढ्यापुरते चुकले. परंतु कोळपे चालते ते पीक उगवून ओळी दिसू लागल्यावर. कोंब पापडीखाली अडकला असताना त्याचा उपयोग काय? सगळे रान झाकता आले नाही, तरी पेरणीच्या ओळीत कुजलेले शेणखत आणि वर बांधावरच्या गिरिपुष्पाच्या झाडाचा पातळ पाला एवढे तरी देता येईल.

दुसरा प्रतिसाद : पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात याटेंगा भागातले शेतकरी याकुबा सावाडोगो यांनी १९८०च्या दशकात दगडासारख्या टणक झालेल्या जमिनीत कोरड्या हंगामातच खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरले. खताच्या ओढीने आलेल्या वाळवीने कवचाखाली बोगदे केले आणि पाणी मुरू लागले. आपण वाळवीला केवळ शत्रू मानतो, याचा फेरविचार व्हावा.

पहिला प्रतिसाद देणारे : त्या खड्ड्यांमागची अंगमेहनत विसरू नये, आमच्याकडे जूनच्या तोंडावर मजूर मिळत नाहीत. गिरिपुष्पही लावल्याबरोबर छाटणीला येत नाही. उगवणीआधीच्या पापडीवर आम्ही बाभळीची फांदी हलकेच ओढतो, पण त्यात काही कोंब मोडतात, हे खरे. त्यामुळे ओळीत शेणखत देण्याची सूचना मी या खरिपात चार तासांवर, म्हणजे पेरणीच्या चार ओळींवर, करून पाहीन आणि शेजारच्या चार तासांशी उगवण मोजून येथेच कळवीन. कोळपे मात्र चालूच राहील.