मदत हवी आहे: रोमन वेढ्याच्या बांधकामात गुलाम राबत होते का?

शाळेतल्या मुलांसमोर मसादाच्या वेढ्यावर (इ.स. 73-74) बोलायचं आहे. मृत समुद्राकाठच्या, बंडखोर ज्यूंच्या ताब्यातल्या या उंच किल्ल्याला रोमन सेनापती सिल्वाच्या दहाव्या लीजनने (रोमन सैन्याची मोठी तुकडी) पश्चिमेकडून मातीदगडांचा प्रचंड उतार बांधला. त्यातून झाऊच्या झाडाची लाकडं आजही बाहेर डोकावताना दिसतात. ती लाकडं कोणी वाहिली, इथेच माझं घोडं अडलंय.

‘ज्यू कैद्यांनी उतार बांधला’ असं बऱ्याच ठिकाणी बिनदिक्कत लिहिलेलं असतं. त्या काळातला ज्यू इतिहासकार जोसेफस याचं वर्णन इंग्रजीतून दोनदा वाचलं. त्यात ज्यूंवर अन्नपाणी लांबून वाहून आणायची सक्ती केल्याचं आहे, उताराचं काम मात्र सैन्याचंच दिसतं. जेरुसलेमला (इ.स. 70) शहराभोवतीची भिंत सैनिकांनीच, लीजनांमध्ये चढाओढ लावून, 3 दिवसांत उभी केली असंही तोच सांगतो. गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) अलेशियाच्या वेढ्याचं (इ.स.पू. 52) सीझरचं वर्णनही पाहिलं. तिथेही खंदक खणणारे सैनिकच.

पण छावणीत ‘कालोनेस’ म्हणजे नोकर-गुलाम असायचेच. सामान, जनावरं त्यांच्याकडे. मग माती वाहताना ते नुसते बघत बसले असतील, हे मनाला पटत नाही. तरी पटत नाही म्हणून मुलांना काहीतरी ठोकून द्यायचं नाही.

खाणी आणि शेतांवरचे गुलाम माहीत आहेत, ते नकोत. चित्रपटांचे दाखलेही नकोत. लॅटिन-ग्रीक येत नाही, मराठी किंवा इंग्रजी चालेल.

वेढ्याच्या प्रत्यक्ष बांधकामावर, म्हणजे उतार, खंदक किंवा भिंतीवर, गुलाम वा कैदी लावल्याचा स्पष्ट उल्लेख कुठल्या प्राचीन लेखकाकडे आहे का, आणि नेमका कोणत्या वेढ्याचा?