सेप्टिक टँक उपसण्याची नगरपरिषदेची नोटीस आली आहे; नकार देता येतो का?

प्रश्न

नमस्कार. आमच्या शहरात भुयारी गटार नाही. घरोघरी सेप्टिक टँकच आहेत. गेल्या आठवड्यात नगरपरिषदेची नोटीस आली. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी गाडीने उपसली जाईल, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागणार नाहीत, मात्र घरपट्टीसोबत स्वच्छता कर आकारला जाईल आणि ठरलेल्या दिवशी टाकीची झाकणे मोकळी ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची राहील, असे तिच्यात म्हटले आहे. आमचे घर २००९ सालचे आहे. पुढे परसात फरशी बसवली, तेव्हा टाकीची दोन्ही झाकणे तिच्याखाली गेली. टाकी आजवर एकदाही तुंबलेली नाही, त्यामुळे सुरळीत चाललेल्या टाकीला उगाच हात लावू नये, असे सासूबाईंचे मत आहे. तक्रार नसताना अशी सक्ती करता येते का, आणि फरशी फोडणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता

ताई, टाकी तुंबली नाही म्हणजे ती नीट चालली आहे, असा निष्कर्ष काढू नका. जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते, म्हणून टाकी नेहमी भरलेलीच असते. वाढत जातो तो तळाचा गाळ आणि वरची साय. या दोन्हींमधला पाण्याचा थर पातळ झाला की मैला खाली बसायला अवधीच मिळत नाही आणि तो तसाच बाहेर पडतो. शोषखड्डा असेल तर त्याच्या भोवतीची माती बुजते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असते तसे बाहेरचे तोंड उघड्या गटारात सोडलेले असेल, तर तो मैला शेजाऱ्यांच्या दारावरून ओढ्याला जातो, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

खात्री करायची असेल तर लांब काठीला पांढरे जुने कापड घट्ट गुंडाळा, काठी तळापर्यंत सरळ घाला, थोडे थांबून सावकाश वर काढा. काळा गाळ जिथपर्यंत चिकटला असेल तेवढी त्याची उंची. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली असेल तर टाकी उपसलीच पाहिजे. हे करताना झाकणावर वाकू नका आणि जवळ काडी पेटवू नका. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते तीन वर्षांची मुदत सांगितली आहे; तुमच्या टाकीला पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला. उपसताना ती खरवडून धुऊ देऊ नका, कारण तळाशी राहिलेल्या थोड्या गाळातले जिवाणूच पुढचे काम सुरू करतात.

उत्तर : वाईचा रहिवासी

वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ पासून अशीच वेळापत्रकाप्रमाणे उपसणी सुरू केली. त्याआधी टाकी तुंबली की माणूस गाडी शोधायचा, आणि गाडीवाला मैला कुठे ओततो हे कोणी विचारत नसे. आता तो दररोज सत्तर हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. आमचे गाव कृष्णाकाठचे आहे, त्यामुळे ही गोष्ट मला कराच्या रकमेपेक्षा मोठी वाटते.

सक्तीबद्दल सांगायचे, तर मैल्याची विल्हेवाट हे नगरपरिषदेचे कर्तव्यच आहे. तरीही नोटीस कोणत्या ठरावावर किंवा उपविधीवर आधारलेली आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ठरावाची प्रत मागा, आणि मैला कोणत्या केंद्रात जाणार हेही लेखी विचारा. केंद्रच उभे राहिले नसेल तर गाडी भरून नेण्याने काहीच साधत नाही. आमच्या नात्यातल्या एका गावी खासगी गाडी रात्री ओढ्यात रिकामी होताना मी स्वतः पाहिली आहे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता

एक गोष्ट राहिली. झाकण अडचणीचे असले की ठेकेदार ‘माणूस उतरवतो’ असे सुचवतो. कृपा करून कबूल होऊ नका. आतला वायू काही क्षणांत माणसाची शुद्ध घालवतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्याने कोणालाही अशा धोकादायक सफाईला लावण्यास मनाई आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. पाइप वरूनच आत जाईल इतके मोकळे झाकण असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. माणूस उतरवण्याचा भाग ऐकून त्यांनी स्वतःच गवंड्याला निरोप धाडला. तो रविवारी येणार आहे. झाकणे कशी बसवून घ्यावीत?

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता

दोन्ही कप्प्यांवर एकेक, लोखंडी कडी असलेले काँक्रीटचे झाकण घ्या. ते फरशीच्या पातळीला आणा आणि कडा सिमेंटने भरू नका. लहान मूल हलवू शकणार नाही इतके जड असू द्या. फरशी फोडताना हवेच्या उभ्या पाइपाला धक्का लागू नये, हे गवंड्याला आधीच सांगा. झाकणांची जागा कागदावर मापासह काढून घरपट्टीच्या पावत्यांसोबत ठेवा.